‘तारीख पडली’ म्हणजे त्या दिवशी नेमकं काय झालं?

पुण्याजवळ राहणाऱ्या एका ५४ वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आहे. त्या पोळीभाजीचे डबे देतात. माहेर सातारा जिल्ह्यातलं, तिथे वडिलोपार्जित तीन एकर बागायत. आई आधीच वारली, वडील २००९ मध्ये गेले. सातबाऱ्यावर दोन भावांचीच नावं लागली. २०१४ मध्ये त्यांनी तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला आणि पुढच्या वर्षी जमीन विकू नये असा मनाई हुकूम मिळाला. पुढे त्यांचा सरतपास (आपल्या बाजूने दिलेली साक्ष) झाला, उलटतपास (समोरच्या वकिलांचे प्रश्न) अर्धा राहिला. ‘२०२२ मध्ये थोरला दादा गेला, तेव्हापासून तर नुसत्याच तारखा पडतायत,’ असं त्या लिहितात. प्रत्येक तारखेला वकिलांचे हजार रुपये, एस.टी.चं भाडं आणि एका दिवसाचे डबे बुडतात. वकिलांना काही विचारलं तर ते म्हणतात, ‘कोर्टाचं असंच असतं, बाई.’ समोरच्या बाजूचं म्हणणं असं की, यांचं लग्न १९९१ मध्ये झालं, त्यामुळे यांना हक्कच नाही. आता वहिनींचा फोन आलाय: पाच लाख घ्या, हक्कसोडपत्रावर सही करा, विषय मिटवा. धाकट्या भावाने अकरा वर्षांत राखीला बोलावलेलं नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खरंच. पैसे घेऊन मोकळी होऊ का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, पण मी अडकले ते मधल्या एका वाक्यावर. थोरला दादा गेला, हे तुम्ही दुःख म्हणून लिहिलंत. वीस वर्षं तालुका कोर्टात वकिली केलेल्या बाईला त्यात दुःखाबरोबर दुखणंही दिसतं, दाव्याचं. म्हणून पाच लाखांचं नंतर, आधी हे.

दावा चालू असताना प्रतिवादी वारला तर त्याचे वारस दाव्यात आणावे लागतात. आमच्याकडे त्याला ‘वारस रेकॉर्डवर घेणं’ म्हणतात. हे काम वादीचं, म्हणजे तुमच्या बाजूचं, आणि त्याची मुदत ९० दिवसांची. मुदत टळली की वारलेल्या माणसापुरता दावा आपोआप रद्दबातल होतो. त्यासाठी कुणाला निकाल द्यावा लागत नाही, पुकारा होत नाही, घरी नोटीस येत नाही. आणि वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार समोर असावेच लागतात, त्यामुळे एकापुरता पडलेला दावा पूर्णच अडचणीत येऊ शकतो.

लगेच रडायला बसू नका. तसं झालं असेल तर तो रद्दबातलपणा काढून टाकायला पुढचे ६० दिवस मिळतात, आणि तेही उलटले असतील तर उशीर माफ करावा असा अर्ज देता येतो. आपला अशील वारला हे कोर्टाला कळवणं समोरच्या वकिलांवरही बंधनकारक आहे. त्यांनी ते कळवलं नसेल तर तुमच्या अर्जात तसं स्पष्ट लिहा. वारसांच्या बाबतीत कोर्टं सहसा हात आखडता घेत नाहीत, पण उशिराचं कारण मात्र मागतात. ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण तुम्ही हे सदर वाचेपर्यंत खरं होतं. आजपासून ते चालणार नाही, त्यामुळे या महिन्यातच हलायला हवं.

कदाचित तुमच्या वकिलांनी हे सगळं वेळेत केलंही असेल. तसं असेल तर त्यांची माफी मागून मी पुढे जाते. पण अकरा वर्षं दावा चालवणाऱ्या बाईला हे ठाऊक नसावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. माझ्याकडे एक आजोबा यायचे. प्रत्येक तारखेचं एस.टी.चं तिकीट ते जपून ठेवायचे, पिशवी भरून. दावा कुठवर आलाय विचारलं की पिशवी पुढे करायचे. किती खेपा झाल्या याचा पुरावा त्यांच्याकडे पक्का होता, पण त्यातल्या एकाही खेपेला आत काय घडलं ते त्यांना सांगता येत नव्हतं. तुमच्या पत्रातले डबे वाचताना मला ती पिशवी आठवली.

प्रत्येक तारखेला काय झालं ते कोर्टात लिहिलेलं असतं. त्याला रोजनामा म्हणतात. वादी हजर, प्रतिवादीचा मुदतीचा (म्हणजे पुढची तारीख मागणारा) अर्ज, अर्ज मंजूर, पुढील तारीख अमुक, असं दोन-चार ओळींत. तुम्ही दाव्यातल्या पक्षकार आहात, त्यामुळे नकलेचा अर्ज देऊन, थोडी फी भरून रोजनाम्याची पूर्ण नक्कल तुम्हाला मिळते. त्यासाठी वकिलांची परवानगी लागत नाही. त्याआधी घरबसल्या ई-कोर्ट्सचं ॲप उघडा. दाव्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की तारखांची यादी दिसते आणि बहुतेक ठिकाणी तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाजही दिसतं. क्रमांक सापडत नसेल तर तुमच्या नावाने आणि वर्षाने शोधता येतं. मोकळ्या वेळात एखाद्या कॉलेजातल्या मुलीला शेजारी बसवा, चहा पाजा आणि शेवटच्या तीस तारखा वहीत उतरवून घ्या. समोर एकच रकाना ठेवा: तारीख कुणामुळे गेली? समोरच्यांच्या मुदतीच्या अर्जामुळे, आपल्या वकिलांच्या गैरहजेरीमुळे, की न्यायाधीश रजेवर किंवा जागा रिकामी म्हणून?

हा रकाना भरला की ‘कोर्टाचं असंच असतं’ या वाक्याचे तुकडे पडतात. त्यातला मोठा तुकडा खरा आहे, ते नाकारत नाही. देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत एक कोटीहून जास्त दिवाणी प्रकरणं पडून आहेत. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं होतं. आज ते साधारण २१ आहेत. एका बोर्डावर शंभर प्रकरणं लागली तर साक्षीपुराव्याला वेळ कितीसा मिळणार? हे दुखणं तुम्ही-मी एका पत्राने बरं करणार नाही. पण दुसरा तुकडा आपल्या हातात असतो. सुनावणीच्या टप्प्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये आणि दिली तर खर्च बसवावा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात अपवादाला जागा ठेवली, आणि अपवादाचाच रस्ता झाला. तरीही मुदतीच्या अर्जावर ‘आमची सक्त हरकत आहे, खर्च बसवावा’ असं लेखी म्हणणं कुणी दिलंच नाही, तर न्यायाधीश काय करतील? तुमच्या रोजनाम्यात असं म्हणणं किती वेळा दिलं गेलं, तेवढं मोजा. दावा दहा वर्षांहून जुना आहे, तेव्हा तो लवकर निकाली काढावा असा अर्जही द्या. कुणी सांगेल, उच्च न्यायालयातून ‘सहा महिन्यांत निकाल द्या’ असा आदेश आणू. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की असे मुदतबंद आदेश अपवादानेच द्यावेत. त्या वाटेवर पैसे घालण्याआधी तालुक्याच्या कोर्टातलं काम नीट होऊ द्या.

आता वकिलांबद्दल. तुम्ही लिहिता, ‘इतक्या वर्षांचे संबंध, त्यांना सोडायचं कसं?’ आधी सोडू नका, विचारा. वही घेऊन जा आणि तीन प्रश्न विचारा: दादाचे वारस कधी लावले, दावा आता कुठल्या टप्प्यावर आहे, माझा राहिलेला उलटतपास कधी? नीट उत्तर मिळालं तर तुमचं निम्मं काम झालं. वकील वाईटच असतात असा माझा सूर नाही, मीही त्याच खुर्चीत बसलेली. पण दर तारखेला फी ठरली की तारखा वाढण्याचा खर्च एकट्या पक्षकारावर पडतो, हेही मी त्याच खुर्चीतून पाहिलंय. उडवाउडवी झाली तर वकील बदला. त्यांची ‘ना हरकत’ मागायची रीत आहे. फी राहिली म्हणून कागद अडवून धरले, तर त्यांना तो अधिकार नाही. वकिलाला अशिलाची कागदपत्रं फीसाठी ओलीस ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. फीचा वाद वेगळा, कागद तुमचे.

आणि दुसऱ्या वकिलाचे पैसे कुठून आणू, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, कारण उत्तर ‘नाही’ असणार असं तुम्ही गृहीत धरलंत. ताई, तुम्हाला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात महिलांना हा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. डबे देऊन महिन्याला किती सुटतात, हे कुणी विचारायचं कारण नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांनाही उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी आपल्या राज्यात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे, हे अशाच अडचणीतल्या पुरुष वाचकांनी लक्षात ठेवावं. ज्या कोर्टात तुम्ही अकरा वर्षं खेपा घालताय, त्याच आवारात तालुका विधी सेवा समिती असते, आणि तिथले ज्येष्ठ न्यायाधीशच तिचे अध्यक्ष असतात. साधा अर्ज, आधार कार्ड आणि दाव्याची कागदपत्रं घेऊन जा. चालू दाव्यातही वकील मिळतो. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

‘फुकटचा वकील म्हणजे कसला?’ हे वाक्य तुमच्या मनात आलं असणार. ते अगदीच खोटं नाही. पॅनेलवरच्या वकिलांना मानधन तुटपुंजं मिळतं आणि दर्जा कमीजास्त असतो. मी स्वतः पॅनेलवर होते. आमच्यात जीव तोडून काम करणारे होते आणि फाईल न उघडणारेही होते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो, चहापाण्याचाही नाही. आणि काम होत नसेल तर समितीकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. हजार रुपये देऊनही तुम्हाला इतकी सोय आजवर मिळालेली दिसत नाही.

तसंच, मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. तुमच्याकडून ती भरून घेतली होती का, जुन्या पावत्या बघा. अपिलाची वेळ आली तर तेव्हाही हे उपयोगी पडेल. आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं, सातारा त्याच्या कक्षेत आहे, तेव्हा ‘प्रकरण मुंबईला गेलं की संपलंच’ ही भीतीही थोडी कमी करा.

१९९१ च्या लग्नाचं. हा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. आपल्या राज्याने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुलींना खरोखरच वगळलं होतं. समोरचे अजून तिथेच थांबलेत. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या मुली आल्या. तुमचे वडील त्यानंतर चार वर्षांनी गेले. शिवाय ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. एकच गोष्ट तपासा: २० डिसेंबर २००४ आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी झाल्याचं समोरच्यांच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) आहे का? नुसतं ‘तोंडी वाटणी झाली होती’ म्हणून सहसा भागत नाही. सातबाऱ्यावर भावांचीच नावं आहेत याने खचू नका. फेरफार ही महसुली नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही.

म्हणजे कागदावर तुमचा हिस्सा एक तृतीयांश, साधारण एक एकर बागायत. त्याचे पाच लाख कुणी ठरवले? रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा दर इंटरनेटवर बघता येतो. त्याच शिवारात गेल्या वर्षा-दोन वर्षांत झालेल्या खरेदीखतांची किंमत नोंदणी खात्याच्या सूची क्रमांक २ मध्ये दिसते. आधी हा आकडा काढा, मग पाच लाखांकडे बघा. अकरा वर्षांच्या उसाचा किंवा हळदीचा, जे काही पिकलं असेल त्याचा हिशेब वेगळाच, आणि तो दाव्यात मागितलाय का, हेही वकिलांना विचारा.

आणि सही करायचीच ठरली, तरी त्या हक्कसोडपत्रावर करू नका. मुद्रांक वाचावा म्हणून त्यात बहुतेक वेळा ‘विनामोबदला’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे पाच लाखांचा कागदावर मागमूस नाही, चेक वटला नाही तर मागायचे कशाच्या जोरावर? तडजोड करायची तर ती चालू दाव्यातच करा. तडजोड पुरसीस (दोन्ही बाजूंच्या सहीचं लेखी निवेदन) कोर्टासमोर, रक्कम डिमांड ड्राफ्टने आणि त्यावर कोर्टाचा हुकूमनामा. लोकन्यायालयातही हे होतं, तिथल्या निवाड्यावरही अपील नाही हे ठाऊक ठेवून जा. लोकन्यायालयाच्या दिवशी मांडवात गर्दी असते, सगळ्यांना आकडा दाखवायचा असतो. त्या घाईत ‘बघा ताई, आज मिटवून टाका’ असं कुणी म्हणालं तर कागद घरी वाचायला मागा. त्यापेक्षा मला मध्यस्थी केंद्र बरं वाटतं. तिथे एका खोलीत बसून सावकाश बोलता येतं, बोललेलं बाहेर जात नाही आणि दाव्यात वापरता येत नाही. जमलं नाही तर दावा जिथे होता तिथून पुढे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’. ही म्हण मी आयुष्यभर ऐकलीय आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. ती सांगणाऱ्याच्या ताब्यात बहुतेक वेळा जमीन असते. ज्याच्याकडे ताबा आहे त्याला घाई कसली? त्याला तारीख पडली काय आणि निकाल लांबला काय, ऊस त्याच्याच गाडीत भरला जातो. त्याच्यासाठी उशीर हाच हुकूमनामा आहे. तेव्हा ही म्हण तुम्हाला कोण ऐकवतंय ते बघा.

मात्र वहिनींना मी त्या रांगेत उभं करणार नाही. तुम्ही त्यांचा फोन ‘समोरच्यांचा डाव’ म्हणून वाचलात. असेलही. पण दुसऱ्या बाजूने बघा. दादा गेले. जमीन, तुम्हीच लिहिलंय, धाकटे भाऊ कसतात. वहिनी आणि त्यांची दोन मुलं आता दादांच्या हिश्श्याचे वारस आहेत, म्हणजे त्यांचंही एक एकर कुणाच्या तरी शब्दावर अवलंबून आहे. सातबाऱ्यावर त्यांची नावं लागलीत का? ऊस गेल्यावर त्यांच्या हातात काय पडतं? वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार एका अर्थी वादीच असतो. वहिनी त्याच दाव्यात आपल्याही हिश्श्याचं सरसनिरस (चांगली-हलकी जमीन बघून केलेलं) वाटप मागू शकतात, आणि बाई म्हणून सरकारी खर्चाचा वकील त्यांनाही मिळतो. पाच लाखांचा निरोप द्यायला त्यांनाच का पुढे केलं गेलं, हे एकदा त्यांना एकटीला विचारा. वकिलामार्फत नको, दिरासमोरही नको.

राखीचं काय लिहू? हक्क मागितल्याने माहेर तुटतं, असं म्हणतात. तुमचं अकरा वर्षांपूर्वीच तुटलंय, दावा लावला त्या दिवशी. पाच लाखांनी ते सांधलं जाईल असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर तो व्यवहार वाईट नाही, मी अडवणार नाही. पण ती आशा वेगळी लिहून काढा आणि जमिनीची किंमत वेगळी. दोन्ही एकाच सहीत घालू नका. आणि थकलात म्हणून थांबायचं असेल तर तेही लाजिरवाणं नाही. फक्त थकवा दाव्याचा आहे की आत काय चाललंय हे न कळण्याचा, हे रोजनामा वाचून झाल्यावर ठरवा.

निकाल लागला की काम संपलं, असंही समजू नका. शेतजमिनीच्या वाटपात कोर्ट आधी हिस्से ठरवून देतं. प्रत्यक्ष बांध घालायचं काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदार आणि भूमी अभिलेखाकडे जातं, मोजणी होते, मग ताबा. त्यालाही वेळ जातो. पण तिथे उलटतपास नसतो, पाठपुरावा असतो, आणि सकाळी अकराच्या आत डबे पोचवणाऱ्या बाईला पाठपुरावा मी काय शिकवणार?

पुढची तारीख कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या दिवशी जाल तेव्हा पुकाऱ्याची वाट बघत बाकावर बसायच्या आधी नकलेचा अर्ज देऊन टाका आणि समितीच्या खोलीचं दार शोधून ठेवा. रोजनामा हातात पडला की दादांच्या वारसांबद्दल त्यात काय लिहिलंय, तेवढं मला कळवा. बाकीचं आपण त्यानंतर बोलू.